बाबांनी तोडलेली वायर

बाबांना जाऊन वर्ष होत आलं, तरी माझा त्यांच्यावरचा राग काही उतरलेला नाही. गेलेल्या माणसावर कसला राग धरायचा, असं लोक म्हणतात. पण या माणसाने जिवंतपणी राग धरू दिला असता तर आज ही वेळ आली नसती. मी भांडायला तोंड उघडलं की ते चष्मा कपाळावर सरकवायचे, हातातलं सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवायचे आणि म्हणायचे, "सावकाश." तेवढ्यावर समोरच्याने गार पडायचं, असा जणू नियमच होता.

वाजवणारी मंडळी तर त्यांना 'सावकाश' याच नावाने ओळखायची. "की-बोर्ड कधी मिळेल?" "सावकाश." "अहो, आज संध्याकाळी प्रोग्राम आहे!" "सावकाश." पण प्रोग्रामच्या आधी वस्तू तयार असायची, आणि एकदा त्यांच्या हाताखालून गेली की वर्षानुवर्षं पुन्हा उघडावी लागायची नाही. वाद्यांच्या दुकानांची एक अख्खी गल्ली होती. तिच्या अगदी टोकाला, एका इमारतीच्या जिन्याखाली त्यांची खोली. छत जिन्याच्या उताराने खाली आलेलं. उंच गिऱ्हाईक आत शिरताना डोकं आपटायचं आणि बाबा आतून म्हणायचे, "सांभाळून." नेहमी आपटल्यानंतर. शटरच्या आत काचेचं दार. आत एक लांब टेबल, वर दोरीला टांगलेली ट्यूबलाइट, स्क्रूंचे डबे, फाटक्या जाळीचा एक अ‍ॅम्प्लिफायर आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. दुसरं स्टूल ठेवलं तर बाबांना बाहेर उभं राहावं लागलं असतं.

त्यांची एक पद्धत होती. बिघडलेला पार्ट काढला की तो कागदाच्या पुडीत बांधायचा आणि वस्तूबरोबर गिऱ्हाइकाला परत द्यायचा. जळलेला असो, तुटलेला असो, पुडी मिळणारच. जुन्या गिटारींमधले मूळ पार्ट शौकीन लोकांना सोन्यासारखे वाटतात. दुरुस्तीच्या नावाखाली ते काढून भलतीकडे विकणारे कारागीर त्या गल्लीत होते. बाबांच्या पुडीची थट्टा व्हायची. कुणी म्हणायचं, "सावकाशकडे दात काढला तर तोही पुडीत देतील." पण त्या पुडीमुळेच दुसऱ्या शहरातूनही लोक त्यांच्याकडे वाद्यं पाठवायचे. बाबांजवळ दुसरी कसली इस्टेट नव्हती. नाव तेवढं होतं.

आई औषधांच्या दुकानात काउंटरला होती. तिच्या कामात एका गोळीऐवजी दुसरी गेली तर माणूस दगावतो, म्हणून ती साखरेचा डबाही दोनदा वाचून उघडणारी बाई. तिला बाबांच्या त्या पुड्यांचा फार अभिमान होता. सुट्टीच्या दिवशी थर्मासमध्ये चहा घेऊन ती दुकानावर जायची, स्टुलावर बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐटीत सांगायची, "मी यांची बायको." मी एका दाताच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला होते. काम संपलं की बाबांकडे जायचं, शटर ओढायला मदत करायची आणि दोघांनी चालत घरी यायचं, असा माझा रोजचा क्रम होता.

आता मोठ्या काकांबद्दल. बाबांचे थोरले भाऊ. हॉटेलच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी वाजणाऱ्या एका बँडमध्ये ते बेस गिटार वाजवायचे. त्यांना सगळे 'खर्ज' म्हणायचे, कारण बोलायचेही तसेच, पोटातून. आजोबा लवकर गेले तेव्हा काकांनी शाळा सोडून वाजवायला सुरुवात केली आणि त्या वाजवण्यावर धाकट्या भावाला रेडिओ दुरुस्तीचा कोर्स करवला. हे काका कधी विसरले नाहीत आणि त्यांनी आम्हालाही विसरू दिलं नाही. जेवायला बसले की कुठूनही गाडी तिथेच यायची. "याला मी शिकवलं," ते म्हणायचे आणि बाबा मान खाली घालून हसायचे. उपकार करणाऱ्याने एकदा करून मोकळं व्हावं, घेणाऱ्याने जन्मभर फेडावं, असा त्या दोघांमध्ये करारच झाला असावा.

तर एकदा काका त्यांची बेस गिटार घेऊन आले. म्हणाले, "टोन गेलाय."

टोनचं बटण म्हणजे काय, तेवढं सांगते. बेसच्या जाड तारेच्या आवाजात खाली घुमारा असतो आणि वर धार असते. टोनचं बटण घुमाऱ्याला हात लावत नाही. ते फक्त धार कमी-जास्त करतं. पूर्ण उघडलं तर तारेवर घासलेलं नखसुद्धा ऐकू येतं. पूर्ण बंद केलं तर कुणी रजईखाली बसून वाजवतंय असं वाटतं. बँडचा मालक स्वतः की-बोर्ड वाजवायचा. तो काकांना सारखा म्हणत होता, तुमचा आवाज टोचतो, धार कमी करा. काका बटण फिरवत होते आणि म्हणत होते, काही होतच नाही.

बाबांनी गिटार अ‍ॅम्प्लिफायरला लावली, बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. "चालतंय की रे दादा."

"कुठे चालतंय? मला वेडा समजतोस?"

आतल्या आत कुठे सुटत-लागत असेल, असं बाबांना वाटलं. असे बिघाड फार छळतात. कारागिरासमोर वस्तू शहाण्यासारखी वागते आणि घरी गेली की रंग दाखवते. त्यांनी मागची पट्टी उघडली. बटणाच्या दांड्यावरचा बारीक स्क्रू ढिला झाला तर बटण नुसतंच फिरतं, म्हणून तो तपासला. घट्ट होता. आत फवारा मारून साफ केलं. काका घेऊन गेले आणि परत आले: फरक नाही. मग बाबांनी बटणाखालचा कंट्रोल नवा घातला, जुना पुडीत दिला. काका परत आले. मग धार गाळणारा छोटा पार्ट, म्हणजे टोनचा कपॅसिटर बदलला, सोल्डरिंगचे सगळे टाके नव्याने मारले, केबल बदलून पाहिली. तीही पुडी दिली; मीच ती गिटारच्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात ठेवली आणि चेन लावली. काका पुन्हा आले, आणि या वेळी रस्त्यावरूनच ओरडत आले.

"तुझ्याच्याने होत नसेल तर सांग! त्या मालकाने आज सगळ्यांसमोर माझा पाणउतारा केला. म्हणतो, कापड फाडल्यासारखा आवाज येतोय."

बाबा बराच वेळ गिटारकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दादा, तू या स्टुलावर बस. तोंड दाराकडे कर. मी वाजवतो, तू फक्त ऐकून सांग."

काका फणफणत बसले. बाबांनी त्यांच्या पाठीमागे गिटार मांडीवर घेतली, बटण पूर्ण उघडलं आणि जाड तार छेडली. माझे दात शिवशिवले. "आता?"

"टोचत असेल. मालक म्हणतो तसं."

बाबांनी बटण पूर्ण बंद केलं. तीच तार, तेवढ्याच जोराने. आवाज एकदम रजईखाली गेला. "आता?"

"तोच."

पुन्हा उघडलं. "आता?"

"तोच रे बाबा. किती वेळा सांगू?"

मी दाराजवळ उभी होते. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की ते मिटलंच. त्यांनी आणखी एकदा बटण फिरवलं, अर्ध्यावर आणून थांबवलं, तार छेडली. काही विचारलं नाही. काकांनीही आपणहून काही सांगितलं नाही. ते नुसते समोर बघत बसले होते.

बाबांनी गिटार खाली ठेवली. "पार्टच खराब निघाला दादा," ते म्हणाले. "ठेवून जा. करतो."

काका उठले आणि डोकं आपटून बाहेर गेले. या वेळी बाबा "सांभाळून" म्हणाले नाहीत.

मग मला एकेक आठवायला लागलं. घरी कुकरची शिट्टी व्हायची तेव्हा काका गप्पांच्या नादात मध्ये थांबत नसत. मागून हाक मारली तर वळत नसत, आणि आम्ही म्हणायचो, काकांचा स्वभावच तसा. विनोद झाला की सगळ्यांची तोंडं बघून मगच हसायचे. किती वर्षं ते ड्रमवाल्याच्या झांजेला खेटून उभे राहिले होते. खालचा घुमारा त्यांना नीट ऐकू येत होता, म्हणून ताल-सूर कुठे चुकत नव्हता. गेली होती ती धार. गिटारचं बटण धडधाकट होतं.

घरी येताना मी बाबांना म्हणाले, "सांगून टाका त्यांना."

"काय सांगू?"

"कान तपासून घ्या म्हणावं."

"आणि ते मालकाला कळलं की? दुसऱ्या दिवशी दादा घरी." बाबा चालता चालता थांबले. "वाजवणाऱ्या माणसाला कान गेले हे कसं सांगतात, ते तू मला सांग. मग मी सांगतो."

"पण गिटारचं काय करणार? ती दुरुस्तच आहे."

"बघू. सावकाश."

आणि मग त्यांनी ते केलं, ज्यासाठी मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. त्यांनी टोनच्या बटणाची वायर तोडली. बटणाला वगळून, आतल्या आत एक बारीक रेझिस्टर आणि कपॅसिटर असा जोडला की धार कायम एका ठरावीक ठिकाणी बसावी: कुणाला टोचू नये आणि मऊही पडू नये. ती जागा शोधायला ते हॉटेलच्या हॉलमध्ये जाऊन मागच्या खुर्चीवर बसून आले होते. बटण पूर्वीसारखंच फिरत होतं, पण आता ते कुठेही फिरवलं तरी आवाज तोच. काकांना जे ऐकू येत होतं, तेच आता सगळ्यांना ऐकू येणार होतं. मी म्हणाले, निदान एका चिठ्ठीवर लिहून ठेवा की हे मुद्दाम केलंय. ते म्हणाले, लिहायचं म्हणजे का केलं तेही लिहावं लागेल.

काही दिवस मजेत गेले. मालक खूश, काका खूश. "धाकट्याने काय आवाज बसवलाय," म्हणून काका गल्लीभर सांगत फिरत होते. आईनेही ते ऐकलं आणि सुट्टीच्या दिवशी चहाबरोबर बिस्किटंही नेली.

मग बाबांना ताप आला. दुकान बंद होतं आणि नेमकी त्याच वेळी काकांच्या गिटारची केबल जिथे खुपसतात ती जागा ढिली पडली. प्रोग्राम तोंडावर. मालक स्वतः काकांना घेऊन गल्लीतल्या नव्या दुकानात गेला. हे दुकान चकचकीत, आत गारवा, भिंतीवर गिटारी टांगलेल्या. दुकानदार नवा होता आणि त्याला स्वतःचं नाव करायचं होतं. त्याने पट्टी उघडली आणि शिट्टी मारली.

"हे कुणाचं काम?" त्याने विचारलं. "टोनची वायरच तोडलीये. नवा कंट्रोल नुसता दाखवायला बसवलाय. आणि मूळचा कपॅसिटर कुठाय? या गिटारचा जुना कपॅसिटर म्हणजे चीज असते. तो तुम्हाला परत दिला का?"

हे मला नंतर ड्रमवाल्याने सांगितलं. तोही तिथे होता. मालकाने काकांकडे बघितलं. पुडी काकांच्या खांद्यावरच्याच बॅगेत होती. काका म्हणाले, "मला काही दिलं नाही. मी तर विश्वासाने टाकली होती त्याच्याकडे."

दुकानदाराने मोबाइलवर फोटो काढले. संध्याकाळपर्यंत ते वाजवणाऱ्या प्रत्येकाकडे पोचले होते. त्याने वायर पुन्हा जोडून दिली, आवाज पुन्हा टोचायला लागला, आणि आता त्याचंही उत्तर तयार होतं: सावकाशने गिटारची वाट लावली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे तर अंगण सारवणाऱ्यालाच फासावर चढवलं. मालकाने काकांची पाठ थोपटली, बटण स्वतः हवं तिथे लावलं आणि वर चिकटपट्टी मारून टाकली. म्हणाला, "बिघडलेल्या वाद्यावर एवढं छान वाजवता, कमाल आहे तुमची." काकांची नोकरी पक्की झाली.

तापातून उठून बाबा दुकानावर गेले तर पहिला माणूस आपला माइक परत न्यायला आला होता. दुरुस्त झाला नव्हता तरी. मग दुसरा. एकाने बाबांच्या समोर आपला अ‍ॅम्प्लिफायर उघडून आतले पार्ट मोजले. बाबा त्याला उजेड नीट पडावा म्हणून ट्यूबलाइटची दोरी धरून उभे राहिले. मी त्या नव्या दुकानात जाऊन भर रस्त्यात तमाशा केला. दुकानदार शांतपणे म्हणाला, "ताई, मग तुमचे वडील स्वतः येऊन का नाही सांगत?" मी बाबांकडे परत आले. रडत, संतापत. म्हणाले, "आत्ता माझ्याबरोबर चला."

"नको."

"का नको? चोर म्हणतायत तुम्हाला!"

"म्हणू देत. दादा सांगेल काय ते."

"काका? काकांनीच तर—"

"तो सांगेल," बाबा म्हणाले. "त्याचा तो सांगेल."

आईने घरी विचारलं. जेवणं झाली होती, ती भांडी आवरत होती. "अहो, वायर तुम्ही तोडली होती?"

"हो."

"का?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. "चूक झाली," ते म्हणाले.

"आणि तो जुना पार्ट?"

"चूक झाली म्हटलं ना."

आईने हातातलं ताट खाली ठेवलं आणि ती आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं, स्टूल, तार, बटण, पुडी, सगळं. तिने पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू बापाचीच बाजू घेणार. त्यांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय. आणि भाऊजींचे कान गेले असते तर ते रोज वाजवतात कसे?" मी काकांकडे गेले तर काका म्हणाले, "घरातली भांडणं चव्हाट्यावर आणू नयेत." मी बाबांना म्हणाले, निदान आईला तरी सांगा. ते म्हणाले, "तिला सांगितलं की ती दादाला घरात घेणार नाही." आपलेच दात, आपलेच ओठ. या घरात मात्र ओठ फक्त बाबांचे होते.

आईने आदळआपट केली नाही. ती चांगली बायको राहिली, आणि मला तेच बघवत नसे. वेळेवर जेवण, वेळेवर औषध, इस्त्रीचे कपडे. पण थर्मास माळ्यावर गेला. गल्लीवरून जायचं असलं तर ती लांबचा रस्ता घ्यायची. कुणी विचारलं, तुमचे यजमान काय करतात, तर म्हणायची, "दुरुस्तीची कामं करतात," आणि विषय बदलायची. रात्री-बेरात्री उठून त्यांच्या अंगावर पांघरूण घालणारी बाई आता त्यांच्याशी व्यवहारापुरतं बोलायची. बाबा तेवढंच उत्तर द्यायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी रोज ताटाशेजारी बसून बघत होते.

दुकान हळूहळू आटत गेलं आणि शेवटी शटर कायमचं ओढलं गेलं. बाबा पाण्याच्या पंपांच्या जळलेल्या मोटारींना पुन्हा तार गुंडाळून देणाऱ्या एका कारखान्यात कामाला लागले. तिथे तांब्याची तार, वॉर्निशचा वास आणि कानठळ्या बसवणारा आवाज. तिथेही पार्ट बदलला की ते जुना पुडीत बांधायचे. मॅनेजरने एकदा सांगितलं, आजोबा, ही भंगाराची पुडी गिऱ्हाइकाला कशाला देता, वेळ जातो. त्यानंतर त्यांनी पुड्या बांधणं सोडलं.

काका मात्र अधूनमधून घरी जेवायला यायचे. आई त्यांना आग्रहाने वाढायची. तिच्या मते आपल्या घराने त्यांचं नुकसान केलं होतं. बाबा समोर बसलेले असायचे. जेवताना एखाद्या वेळी बाबा हात थांबवून काकांकडे बघायचे, काही ऐकायची वाट बघावी तसे. काका भाताकडे बघायचे.

मग काका मानाने निवृत्त झाले. मालकाने हॉलमध्ये कार्यक्रम केला, भाषण झालं, टाळ्या झाल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत काकांनी दोन्ही कानांत यंत्रं बसवून घेतली. "वय झालं," ते म्हणाले. आईला त्यात काही वावगं दिसलं नाही. वय झालंच होतं.

बाबा कारखान्यात, टेबलाशी बसल्या बसल्या गेले. शेजारच्या माणसाला वाटलं, वाकून काही शोधतायत.

आमच्या इमारतीच्या खालच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. कारखान्यातली माणसं होती, गल्लीतली जुनी चार-दोन डोकीही होती. काका बोलायला उभे राहिले. त्या पोटातल्या आवाजात म्हणाले, "माझा भाऊ गुणी कारागीर होता. माणूस आहे, एखाद वेळी हात घसरतो. लोक बोलले. पण मी ते कधी मनात ठेवलं नाही. मी त्याला केव्हाच माफ केलं होतं." लोकांनी माना हलवल्या. एका बाईने डोळे पुसले. आई पहिल्या रांगेत बसली होती, तिने काकांना हात जोडले.

माणसं पांगली. वर घरी आम्ही तिघंच उरलो. आई आतल्या खोलीत सतरंज्यांच्या घड्या घालत होती. काका बाबांच्या खुर्चीत बसले होते. गर्दीच्या गोंगाटाने त्रास होतो म्हणून कानातली यंत्रं काढून त्यांनी खिशात ठेवली होती. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. आईला ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात म्हणाले, "गिटारला काहीही झालेलं नव्हतं. तुमचे कान गेले होते."

"काय?"

मी पुन्हा म्हणाले, थोडं मोठ्याने.

"काय म्हणतेस? नीट बोल."

मग मी ओरडले. "तुमचे कान गेले होते! बटण चालू होतं! तुमची अब्रू राहावी म्हणून त्यांनी वायर तोडली, आणि तुम्ही त्यांना माफ करताय?"

शेजाऱ्यांचं दार उघडल्याचा आवाज आला. आई सतरंजी हातात घेऊन उंबऱ्यात येऊन उभी राहिली. काकांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ओरडू नकोस," ते म्हणाले. "ते मला माहीत आहे."

"आता माहीत आहे."

"नाही. तेव्हाच." ते खुर्चीच्या हातावरून बोट फिरवत होते. "त्याने मला दाराकडे तोंड करून बसवलं ना, त्या दिवशी. बाहेर अंधारून आलं होतं, आत ट्यूबलाइट लावलेली. काचेत सगळं दिसत होतं. बटणावरचा त्याचा हात दिसत होता. तो हात फिरत होता, आणि मला मात्र आवाज तोच येत होता. तेव्हाच कळलं."

"मग त्या दुकानात का नाही बोललात?" मी विचारलं, आणि ते मला दोनदा म्हणावं लागलं.

"बोललो असतो तर दुसऱ्या दिवसापासून घरी बसलो असतो. मला दुसरं काय येत होतं? त्याच्या हातात कसब होतं. तो कुठेही पोट भरू शकत होता." ते अगदी साध्या आवाजात सांगत होते, भाजी महाग झाली असं सांगावं तसं. "मला वाटलं, तो सांगेल. तो सांगेना. मग वाटलं, त्याला चालतंय."

आई पुढे आली. तिने सतरंजी टेबलावर ठेवली आणि काकांच्या अगदी समोर, त्यांना तिचे ओठ दिसतील अशी, उभी राहिली.

"भाऊजी, तुम्हाला कळलंय हे यांना माहीत होतं?"

काकांनी मान खाली घातली. "माहीत होतं. तोही काचेतच बघत होता. माझ्याकडे."

मला वाटलं, ती आता काकांना घराबाहेर काढेल. मी त्याचीच वाट बघत होते. पण तिने त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि भिंतीला हात टेकून, कुणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली, "आयुष्यात एकदाच खोटं बोलले हे. आणि मी नेमकं तेवढंच खरं धरलं."

मग ती खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. ते तिचं पहिलं रडू होतं. बाबा गेले तेव्हा ती रडली नव्हती.

काका माझ्याकडे बघत होते. "काय म्हणाली ती?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना सांगितलं नाही.